मरीनोच्या बाजूनं

"वहिनी, यंदाचा निवाडा आमच्याकडे ठेवू या का?" सबनीस भावजी कुजबुजले.

माझ्या स्वयंपाकघरात उभे होते ते. अंगात जाडजूड कोट, बुटांवरचा बर्फ माझ्या फरशीवर वितळत होता, आणि आवाज असा, की जणू शेजारच्या खोलीत बाळाचा नुकताच डोळा लागलाय. शेजारच्या खोलीत बाळबीळ काही नव्हतं. माझा नवरा होता. छप्पन्न वर्षांचा, टक्क जागा, खिडकीशी खुर्चीत बसलेला.

"का? आमच्या घराला काय धाड भरली?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"तसं नाही हो. भालूला उगाच दगदग."

"त्यांना कसली दगदग? बसूनच तर असतात."

"वहिनी, जरा हळू बोला ना," ते म्हणाले, आणि तिथंच माझं डोकं सणकलं.

मे महिन्यापासून माझ्या घरात सगळे हळूच बोलत होते. मे महिन्यात यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टरीण म्हणाली होती, त्यांना सगळं कळतं, अगदी पहिल्यासारखं, फक्त शब्द सापडत नाहीत. सापडायचे ते दोनच. "असू दे." भूक लागली का? असू दे. टीव्ही लावू? असू दे. पाठीला उशी देऊ? असू दे. ज्या माणसानं जन्मात कधी काही असू दिलं नाही, हॉटेलात चहा कोमट आला तरी मॅनेजरला बोलावून घेतलं, त्याच्या तोंडी देवानं नेमके हे दोन शब्द ठेवावेत! माझ्या हातात असतं तर मी चांगल्या दोन शिव्या ठेवल्या असत्या.

लोक भेटायला यायचे ते डबे घेऊन. यांच्याशी बोलताना मान तिरकी करायचे, एकेक शब्द सुटा सुटा काढायचे, आणि मग माझ्याकडे वळून विचारायचे, "जेवण जातंय ना त्यांना?" समोर बसलेल्या माणसाबद्दल! मी तरी काय वेगळं करत होते म्हणा. मे महिन्यापासून मीही यांच्यावर एकदा चिडले नव्हते. त्याआधीच्या आमच्या संसारात असा एक आठवडा गेला असेल तर शपथ.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली ही गोष्ट. पिट्सबर्गजवळच्या एका उपनगरात आमचं घर होतं. हे, सबनीस, घैसास आणि शिरगुप्पे असे चौघं वेगवेगळ्या कंपन्यांत इंजिनियर. सगळे पंचविशी-तिशीत इकडे आलेले. इकडे येऊन कुणी पियानो शिकलं, कुणी बागकाम. या चौघांनी अमेरिकन फुटबॉलचं वेड लावून घेतलं. हंगाम असला की दर रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बैठक.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, हा फुटबॉल पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचा, आणि एकमेकांना लोळवायचं. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा म्होरक्या. चेंडू पहिल्यांदा त्याच्या हातात येतो, समोरून रेड्यासारखी माणसं अंगावर धावत असतात, आणि तेवढ्यात त्यानं ठरवायचं, कुणाकडे फेकायचा. आणि आमच्या त्या भागात तर क्वार्टरबॅकच पिकतात. जॉनी युनायटस तिथला, जो माँटाना तिथला, डॅन मरीनो खुद्द पिट्सबर्गचा.

सुपर बोल म्हणजे हंगामाची शेवटची लढत. तिच्या आधीचा रविवार त्या वर्षांत मोकळा असायचा, सामना नाही. त्या दिवशी आमच्याकडे निवाडा व्हायचा: आजवरचा सगळ्यांत थोर क्वार्टरबॅक कोण? दुपारभर वाद, मग हात वर करून मतदान. सबनीस माँटानाचे, चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला. शिरगुप्पे टेरी ब्रॅडशॉचे. त्यानंही चार जिंकले, आणि तो आमच्या गावच्या संघाचा. घैसास सगळ्यांत वडील, ते जुन्या युनायटसचे. आणि आमचे हे मरीनोचे. फेकण्याचे सगळे मोठे विक्रम मरीनोच्या नावावर, पण सुपर बोल? एकही नाही. एकदाच पोचला, तोही हरला.

दरवर्षी प्रश्न तोच, माणसं तीच, आणि दरवर्षी असा आरडाओरडा, की शेजारचा म्हातारा एकदा पोलिसांना फोन करायला निघाला होता.

या निवाड्याला एक नियम होता, आणि तो यांनीच केलेला. एका वर्षी सबनिसांचे शिकागोचे चुलतभाऊ पाहुणे म्हणून आले. दुपारभर खाल्लं, चकार शब्द काढला नाही, आणि शेवटी मतदानाला हात वर केला. हे उसळलेच. "तोंड चालवलं ते फक्त खायला! जो वाद घालणार नाही त्याला मत नाही!" तेव्हापासून तो नियम झाला.

आता सबनीस भावजी तोच नियम माझ्यापुढे ठेवत होते. "बघा ना वहिनी, नियम त्याचाच आहे. त्याला बोलता येणार नाही, म्हणजे मत देता येणार नाही. नुसता बसून राहील बिचारा. त्याला वाईट वाटेल."

"भावजी," मी म्हटलं, "या घरात बिचारं कुणी राहत नाही. रविवारी दोन वाजता या. निवाडा इथंच व्हायचा, बेसमेंटमध्ये व्हायचा, आणि ह्यांच्यासमोर व्हायचा."

"पण..."

"पणबिण काही नाही. कोथिंबीर वड्या करतेय. आणि जाताना ते बूट दाराबाहेर झटका."

ते गेले. मी खिडकीपाशी गेले. हे बाहेर बघत होते. "ऐकलंत ना सगळं? येतायत रविवारी."

"असू दे," हे म्हणाले.

मी त्यांची शाल नीट केली. मनात मात्र म्हटलं, नाही असू देणार. मला जास्त काही नको होतं. यांनी उठून चालावं, भाषण करावं, असलं काही मी देवाकडे मागणं कधीच सोडलं होतं. मला एवढंच हवं होतं, की त्या तिघांपैकी एकानं तरी माझ्या नवऱ्याशी पहिल्यासारखं कडकडून भांडावं. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते.

रविवारी तिघं आले. दार उघडलं तर शिरगुप्पे भावजी दारात हात जोडून. हे शिरगुप्पे म्हणजे कोल्हापूरचे. आमच्या घरात शिरताना कोपऱ्यावरूनच "ए भाल्याऽ, हैस का मेलास?" म्हणून हाळी घालणारा माणूस. तो यांच्यापुढे वाकून म्हणाला, "काय भालचंद्रपंत, छान दिसताय हं! तब्येत सुधारली की!"

भालचंद्रपंत! यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की मला त्या माणसाची कीव आली.

"वरतीच बसू या का?" घैसास म्हणाले. "जिना उतरायचा म्हणजे..."

"उतरायचा म्हणजे उतरायचा," मी म्हटलं. "तुम्ही दोघं खुर्ची धरा. मी पुढं होते."

यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. मे महिन्यानंतर पहिल्यांदा हे बेसमेंटमध्ये उतरले. डाव्या हातानं कठडा असा धरला होता, की सोडवता सोडवेना. शिरगुप्पे आपले "सावकाश, सावकाश" म्हणत होते, पालखी नेल्यासारखे. खाली पोचल्यावर यांनी सगळीकडे नजर फिरवली. आपला कोच, जुना टीव्ही, भिंतीवरचा मरीनोचा फोटो, ज्याच्यावर शिरगुप्प्यांनी एका वर्षी मिशा काढल्या होत्या. काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. मी त्यांना कोचावर बसवलं आणि वर आले.

वर आले, कारण तशी रीतच होती. पुरुष खाली, मी वर ओट्यापाशी. पण मी काही ऐकत नव्हते असं नाही. घर गरम करणारी भट्टी बेसमेंटमध्ये, आणि तिचा पत्र्याचा नळ सरळ माझ्या ओट्याखाली येऊन निघायचा, तोंडाला जाळी. त्या जाळीतून गरम हवा यायची आणि तिच्याबरोबर खालचा शब्दन् शब्द. इतकी वर्षं वड्या तळता तळता मी सगळं ऐकत आले होते. कोण कुठल्या मुद्द्यावर ओरडणार, कोण कशावर उठून उभा राहणार, सगळं मला पाठ. यांचं तर बोलणं सुरू व्हायच्या आधी मला कळायचं, आता काय येणार.

त्या दिवशी मी कढईत पहिल्या वड्या सोडल्या आणि कान लावला.

"मी काय म्हणतो," खालून सबनिसांचा आवाज आला, देवळात बोलल्यासारखा, "माँटाना चांगलाच होता."

"चांगलाच होता," घैसास म्हणाले. "युनायटसही चांगला होता."

"दोघंही चांगले होते," शिरगुप्पे म्हणाले. "ब्रॅडशॉपण तसा बरा."

मग कुणीतरी खोकलं.

बरा! ब्रॅडशॉ तसा बरा! ज्या शिरगुप्प्यांनी ब्रॅडशॉला मठ्ठ म्हटलं म्हणून घैसासांशी दोन महिने बोलणं टाकलं होतं, ते म्हणतायत बरा! ही काय शोकसभा होती? ज्याच्यासाठी भरवायची तो जिताजागता समोर बसलेला.

"चला तर," सबनीस म्हणाले, "मत घेऊन टाकू. भालूचं राहू दे. नियम त्याचाच आहे, काय भालू?"

आणि जाळीतून यांचा आवाज आला. "असू दे."

मी गॅस बंद केला. वड्या तशाच तेलात ठेवून झारा घेऊन जिना उतरले. तीन तोंडं माझ्याकडे वळली.

"थांबा," मी म्हटलं. "मरीनोच्या बाजूनं अजून कुणी बोललेलं नाही."

"वहिनी, अहो, या वर्षी..."

"या वर्षी मी बोलणार आहे. ह्यांच्या जागी. नियमात कुठं म्हटलंय का, बायकांनी बोलायचं नाही म्हणून?"

नियमात तसं काहीच नव्हतं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सबनीस हसले, लहान मुलीचं कौतुक करावं तसे. "बोला, बोला. बसा ना."

"मी उभीच बरी आहे. शिरगुप्पे भावजी, तुमच्यापासून सुरुवात करते. तुमचा तो ब्रॅडशॉ. चार अंगठ्या म्हणता ना?" सुपर बोल जिंकणाऱ्या खेळाडूंना अंगठी मिळते, आणि वाद सगळा त्या अंगठ्यांवरून चालायचा. "त्या अंगठ्या त्याच्या बोटात आल्या त्या बाकीच्यांच्या जिवावर. असा बचाव पाठीशी असल्यावर कुणीही जिंकेल. तुमच्या ब्रॅडशॉच्या जागी मला उभं केलं असतं तरी दोन अंगठ्या मी आणल्या असत्या, या झाऱ्यासकट!"

हे वाक्य यांचं होतं, झारा तेवढा माझा. शिरगुप्प्यांची मान ताठ झाली. "वहिनी, काहीतरीच बोलू नका हं. लांबचा पास टाकणारा त्याच्यासारखा..."

"लांबचा पास! निम्मे पास दुसऱ्याच्याच हातात जायचे."

"निम्मे? निम्मे? कुणी सांगितलं निम्मे?" शिरगुप्पे कोचाच्या कडेला आले. "अवो, आकडे तरी बघा की जरा!"

"बरं, निम्मे नसतील. पण पुष्कळ जायचे."

"पुष्कळ म्हणजे काय? हे काय बोलणं झालं?"

कोल्हापुरी 'अवो' ऐकलं आणि मला हुरूप आला. मी घैसासांकडे वळले. "आणि तुमचे युनायटस. थोर, कबूल. पण तुमच्या त्या काळात चेंडू फेकायचा म्हणजे सणासुदीला फेकायचे. मरीनोनं एका हंगामात पाच हजार यार्डांच्या वर फेकला. सहा हजार."

"पाच हजार चौऱ्याऐंशी," घैसास म्हणाले. त्यांना चुकीचा आकडा सहन होत नसे. "सहा नव्हे. आणि वहिनी, युनायटस स्वतः चाली ठरवायचा. तुमच्या मरीनोला चाली बाहेरून यायच्या. हा डोक्याचा खेळ आहे की हाताचा?"

"डोक्याचा आहे म्हणूनच म्हणतेय! चेंडू हातात आला न आला तोच मरीनोच्या हातातून सुटायचा. त्याला कुणी पाडूच शकत नसे, कारण पाडायला पोचेपर्यंत त्याच्या हातात चेंडू नसायचाच. हे काय डोकं असल्याशिवाय होतं?"

"तो हात झाला," घैसास म्हणाले, आता पुढे वाकून. "डोकं नव्हे."

"डोकं!"

"हात!"

मी चोरून यांच्याकडे पाहिलं. हे कोचाच्या कोपऱ्यात, मान माझ्याकडे, मग घैसासांकडे, मग परत माझ्याकडे. डोळे असे चमकत होते, की मला एकदम रडूच यायला लागलं. मी रडले नाही. मी ओरडायला लागले.

"आणि सबनीस भावजी, तुमच्या त्या माँटानाच्या गोष्टी नका सांगू मला! त्याच्या दिमतीला जेरी राईस होता. असा झेलणारा असेल तर डोळे मिटून फेकला तरी चालतो!"

सबनीस उभे राहिले. इतका वेळ कौतुकानं हसत होते, ते हसू पार गेलं. "डोळे मिटून? वहिनी, बेंगल्सविरुद्धची ती सुपर बोल! तीन मिनिटं उरलीत, आपला संघ मागे, ब्याण्णव यार्ड जायचंय, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालंय, आणि हा गडी शांत! एकेक पास, एकेक पास, थेट शेवटपर्यंत! आणि तुमच्या माहितीसाठी सांगतो, शेवटचा पास राईसला नव्हता, टेलरला होता!"

"टेलरही त्याच्याच संघातला ना? म्हणजे एक नाही, दोन दोन होते!"

"आणि चौऱ्याऐंशीच्या हंगामाचं काय? दोघं समोरासमोर आले तेव्हा काय झालं? अडतीस-सोळा! अडतीस-सोळा, वहिनी! धुतला तुमच्या मरीनोला!"

"समोरासमोर आलेच कधी? एक क्वार्टरबॅक मैदानात असतो तेव्हा दुसरा बाहेर बसलेला असतो! माँटानापुढं मरीनो नव्हता, मरीनोच्या संघाचा तो भिकार बचाव होता, चाळणीसारखा! त्यात मरीनोचा काय दोष? एकट्यानं त्यानं काय काय करायचं?"

इथवर सगळं यांचं होतं, जाळीतून ऐकून ऐकून पाठ झालेलं. पुढं काय म्हणायचं ते मला पाठ नव्हतं, कारण इथं हे दरवर्षी टेबलावर मूठ आपटायचे आणि सगळे एकदम ओरडायला लागायचे. मी मूठ आपटली नाही. जे तोंडात आलं ते बोलले.

"हरला म्हणून तुम्ही त्याला मोजत नाही. हरल्यावर पुढच्या वर्षी तो परत येऊन उभा राहिला की नाही? त्याच्या पुढच्या वर्षी? गुडघे गेले, टाच गेली, तरी उभा राहिलाच ना? तुमच्यापैकी कुणी त्याच्याकडे बघताना त्याचा खेळ बघता का? तुम्ही बोट बघता, अंगठी नाही म्हणता आणि मान हलवून बिचारा म्हणता! मला या बिचारा शब्दाची चीड आहे. ज्याच्याशी खेळायचं त्याला बिचारा म्हणत नाहीत. त्याला पाडायला धावतात!"

मला दम लागला होता. झाऱ्यातलं तेल गालिच्यावर ठिबकलं होतं, तेही मला तेव्हाच दिसलं.

"मत घ्या," मी म्हटलं.

सबनीस अजून उभेच होते, रागानं लाल. "घेऊ या. युनायटस?"

घैसासांनी हात वर केला.

"ब्रॅडशॉ?"

शिरगुप्प्यांनी दोन्ही हात वर केले, मग एक खाली घेतला.

"मरीनो?"

मी झाऱ्याचा हात वर केला आणि यांच्याकडे पाहिलं. यांचा डावा हात मांडीवर. मला वाटलं, लक्ष नाही, दमले असतील. मी जवळ गेले, हळूच म्हटलं, "अहो, मरीनो म्हणाले ते. आपला मरीनो." आणि त्यांचा हात धरून वर करायला गेले. त्यांनी तो हिसडा देऊन सोडवून घेतला.

म्हणजे यांना कळलंच नाही? इतका वेळ डोळे चमकत होते ते नुसत्या गलक्यानं? डॉक्टरीण म्हणाली होती सगळं कळतं, मीही तेच धरून बसले होते, आणि ते खोटंच असेल तर? तिघांच्या चेहऱ्यांवर ती जुनी कळा परत यायला लागली. सबनिसांचा आवाज परत खाली गेला. "असू द्या वहिनी. माँटाना?" असं म्हणून त्यांनी स्वतःचा हात वर केला.

आणि यांचा डावा हात मांडीवरून उठला. हळूहळू, थरथरत, पण सरळ वर गेला.

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात आणखी वर नेला.

"अहो!" मी ओरडले. "अहो, शुद्धीवर आहात का? माँटाना? मी इथं घसा फोडून मरतेय, वर माझ्या वड्यांचा तेलात भिजून लगदा झाला असेल, आणि तुम्ही माँटानाला मत देताय? लाज नाही वाटत? जन्मभर त्या मरीनोपायी माझं डोकं खाल्लंत, भिंतीवर फोटो लावलात, आणि आज मला चारचौघांत तोंडघशी पाडता?"

मे महिन्यानंतर मी यांच्यावर पहिल्यांदा ओरडले होते. माझ्याच कानांना ते नवं वाटलं. हे मात्र हसत होते. अर्ध्या तोंडानं, पण चांगलं खुशीत, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

घैसास सावकाश म्हणाले, "वहिनी, तो दरवर्षी माँटानालाच मत देतो."

"काय सांगताय? वर मी सगळं ऐकते! त्या जाळीतून शब्दन् शब्द ऐकू येतो मला."

"वाद ऐकू येतो. हात कसे ऐकू येणार? आणि निकालाला तर आम्ही सगळे एकदमच ओरडतो."

मी मटकन खुर्चीत बसले. "मग दरवर्षी मरीनोसाठी जिवाचं रान का करतात हे?"

"मी विचारलं होतं एकदा," सबनीस म्हणाले. "भाल्या म्हणाला, तुमच्या गड्यांच्या बाजूनं तुम्ही आहात. त्या पोराच्या बाजूनं बोलायला इथं दुसरं आहे कोण?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं या माणसाशी संसार केला, याचं प्रत्येक वाक्य मला पाठ म्हणून मिरवत होते, आणि यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. राग आला, हसू आलं, आणि इतकं भरून आलं की मला उठून यांना मिठी मारावीशी वाटली. पण तेवढा वेळ कुणी दिलाच नाही.

"ते सगळं ऱ्हाऊ दे!" शिरगुप्पे कडाडले. "मत बाद! भाल्या बोललाच न्हाई. जो वाद घालणार न्हाई त्याला मत न्हाई. बोलल्या वहिनी, मत वहिनींचं. चौघांना एकेक, निकाल बरोबरीत!"

"बाद कसं?" सबनीस त्यांच्या अंगावर गेले. "वहिनी त्याच्या जागी बोलल्या. मग मत त्याचं. माँटानाला दोन, माँटाना जिंकला!"

"वा रे वा! मगाशी नियम कोण सांगत होतं? तूच ना? आता आपल्या पोळीवर तूप पडतंय म्हटल्यावर नियम गेला होय?"

"मत ह्यांचं असेल तर ते मरीनोला जायला पाहिजे," मी मध्ये घुसले. "मी मरीनोसाठी बोलले. त्यांच्या जागी बोलले म्हणजे त्यांनी मरीनोसाठी वाद घातला!"

"वाद एकाचा आणि मत दुसऱ्याला, हे तो पहिल्यापासून करतोय," घैसास म्हणाले. "आपण कधी हरकत घेतली नाही, ही आपलीच चूक. मी आज घेतो. भालू, हे लबाडीचं आहे. साफ लबाडीचं!"

"लबाड तर हाईच त्यो!" शिरगुप्पे यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, कमरेवर हात ठेवून, आणि आख्खं बेसमेंट दणाणेल अशा आवाजात ओरडले, "ए भाल्या! लेका, बायकोला तोंडघशी पाडतोस, दोस्तांना फसवतोस, तोंड उघडायचं न्हाई आन् मत द्यायचं! खाली घे त्यो हात! घे म्हंतो ना!"

"घेऊ नकोस भाल्या!" सबनीस ओरडले.

"खाली घ्या तो हात!" मीही ओरडले.

चौघं चार बाजूंनी यांच्यावर तुटून पडलो होतो. यांचा हात भरून आला होता, कोपरापासून थडथड उडत होता, कपाळावर घाम आला होता. यांनी आमच्याकडे एकेकाकडे नीट पाहून घेतलं, आणि हात काही खाली घेतला नाही.